आप्पांचं पहिलं यंत्र

माईंनी भिंतीवरची कळ खाली ओढली. नेहमीसारखा टक्क असा आवाज झाला, लाकडी जाळीमागे हिरवा दिवा लागला, आणि शेठनी शर्टाचं वरचं बटण सोडून लांब सुस्कारा टाकला.

“आहाहा! याला म्हणतात गारवा. डॉक्टर, जरा कान देऊन ऐका. येतोय काही आवाज?”

डॉक्टर म्हणजे शेठचे मेहुणे, दातांचे डॉक्टर. त्यांनी खरंच कान भिंतीला लावला.

“अजिबात नाही. माझ्या दवाखान्यातलं तुमचं नवं यंत्र मात्र इतकं घुरघुरतं, की पेशंट ओरडला तरी मला ऐकू येत नाही. तेवढं एक बरं आहे म्हणा.”

“स्वस्तातलं घेतलंत, दुसरं काय!”

“मेहुण्याकडून घेतलं, ही खरी चूक.”

सगळे हसले. माईसुद्धा हसल्या, आणि आपल्या खुर्चीत जाऊन विणायला बसल्या. ऐंशी ओलांडलेल्या माई सुईचा एक टाका न चुकवता सगळ्यांकडे बघत होत्या.

वहिनी मात्र हसल्या नाहीत. शेठच्या दुकानातल्या मुलांपासून वाण्यापर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत. लग्न होऊन या घरात आल्या त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा हे यंत्र पाहिलं होतं. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं, आणि या खोलीत पाऊल टाकताच अंगावर काटा आलेला. तेव्हा साऱ्या गावात घरात असलं यंत्र असणारा माणूस एकच, आप्पा, त्यांचे सासरे. पुढे आप्पांनी दुकान काढलं, मग शेठनी कारखाना काढला, आणि आज शहरातल्या निम्म्या खोल्या त्यांच्या यंत्रांवर गार होत होत्या. येणाऱ्या प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाला शेठ इथे आणत, या हिरव्या दिव्याखाली बसवत आणि म्हणत, “आमचं पहिलं यंत्र. अजून चालतंय.” गिऱ्हाईक मान डोलवी. व्यवहार तिथेच पक्का होई.

आज ते यंत्र भिंतीतून निघणार होतं. माईही घरातून निघणार होत्या.

शेठनी गावाबाहेर काचेची उंच इमारत बांधली होती. प्रत्येक खोलीत यंत्र, खिडकी उघडायची सोयच नाही, इतकी बंदिस्त. लग्नानंतर काही वर्षांनी वेगळं झालेलं त्यांचं बिऱ्हाड सहा महिन्यांपूर्वी तिथे वर जाऊन राहिलं होतं. शेजारची खोली माईंसाठी सजवून ठेवली होती. इमारतीच्या दारात काचेची पेटी बसवली होती, तिच्यात आप्पांचं पहिलं यंत्र चालू ठेवायचं, म्हणजे येणारा-जाणारा बघेल. आणि या घराच्या जागी गोदाम. चार वाजता टेम्पो यायचा होता.

माई या बेताला हो म्हणाल्या नव्हत्या आणि नाहीही. घर त्यांच्या नावावर होतं, पण शेठनी दोन गोष्टींनी त्यांचं तोंड बंद केलं होतं. एक, या वयात एकटी राहणार कशी? आणि दुसरी, हे यंत्र म्हातारं झालंय, भर उन्हाळ्यात बंद पडलं तर या घरात तू उकडून मरशील, आणि लोक आम्हाला काय म्हणतील? यंत्रं विकणाऱ्याची आई उकाड्यानं गेली?

वहिनींना सकाळपासून एक गोष्ट सांगायची होती. काचेच्या इमारतीत त्यांना झोप येत नव्हती. सहा महिन्यांत एक रात्र धड नाही. घसा कोरडा पडे, डोकं भणभणे, आणि कुठेतरी भिंतीत ते सतत घुं घुं. म्हणून दुपारी काहीतरी निमित्त काढून त्या माईंकडे येत आणि या खोलीतल्या दिवाणावर, या हिरव्या दिव्याखाली, मेल्यासारख्या झोपत. कधी थंडी वाजली तर झोपेतच म्हणत, “माई, जरा कमी करा हो.” माई उठून बटण फिरवत. लगेच बरं वाटे. आजच्यानंतर ती खोली राहणार नव्हती. पण नवऱ्याला हे सांगायचं म्हणजे ज्या इमारतीवर त्यानं आयुष्य लावलं, तिच्यात त्याच्या बायकोलाच झोप येत नाही असं सांगायचं. वहिनींची जीभ रेटत नव्हती.

“चल, उघड आता,” शेठ आपल्या बहिणीला, म्हणजे वहिनींच्या वन्संना, म्हणाले. “तुझा हात लागू दे. आप्पांचा नियम.”

हा नियम घरात सगळ्यांना पाठ होता. पहिल्या यंत्राला बाहेरच्या माणसाचा हात लागायचा नाही. आप्पा असेपर्यंत तेच त्याची सफाई करत, दार लावून. त्यांच्यानंतर तो मान मुलीकडे गेला. वन्सं कारखान्याचं दुरुस्तीचं खातं बघत. पर्समध्ये रुमालाच्या आधी पेचकस सापडेल, अशी बाई. पण दर वेळी त्या उघडायला आल्या की माई म्हणत, “चालतंय ना? चालत्याला कशाला हात लावतेस? जेव आधी.” आणि जेवण होईपर्यंत वन्संना दुकानातून कोणाचा तरी फोन येई.

आज वन्सं स्टुलावर चढल्या. माईंच्या सुया थांबल्या. वहिनींनी ते पाहिलं.

“दादा, हे स्क्रू गंजलेत. किती वर्षं उघडलेलं नाही हे?” वन्सं पेचकसावर जोर देत म्हणाल्या. “डॉक्टर, खालून धरा. जड आहे, पायावर पडेल.”

डॉक्टरांनी बाह्या सरसावून दोन्ही हात लावले. शेवटचा स्क्रू निघाला. वन्संनी जाळी ओढली, आणि वजन पेलायला ताणून उभे राहिलेले डॉक्टर तोल जाऊन मागच्या मागे दिवाणावर बसले. कारण वजन नव्हतंच.

भिंतीतून एक लाल लोकरीचा गुंडा बाहेर पडला. जमिनीवर टप्पा खाऊन तो घरंगळत शेठच्या बुटापाशी जाऊन थांबला. त्यामागून निळा. मग पांढरा.

शेठनी पाय मागे घेतला.

वन्संनी पेटीत हात घातला. कोपरापर्यंत. मग खांद्यापर्यंत. मागे जिथे गल्लीकडचं तोंड असायला हवं तिथे विटा होत्या, वर जुनी गोधडी ठोकलेली. बाकी लोकरीचे गुंडे, एक चष्म्याची डबी, आणि वायरला लोंबकळणारा हिरवा दिवा.

“यात…” वन्संनी हात बाहेर काढला. “दादा, यात काहीच नाहीये.”

“काहीच नाही म्हणजे?”

“म्हणजे नाही! पंखा नाही, कॉम्प्रेसर नाही, नळ्या नाहीत. नुसतं खोकं आहे. आणि हा दिवा.”

“मला पोकळ्या रोज दिसतात,” डॉक्टर दिवाणावरून पुटपुटले, “पण एवढी…” बायकोनं एक कटाक्ष टाकताच ते गप्प झाले.

शेठनी स्वतः स्टुलावर चढून आत डोकं घातलं. बाहेर काढलं तेव्हा त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते. वहिनींच्या मनात आलं, खोली तितकीच गार आहे, मग यांना घाम कसला? आणि तेवढ्यात त्यांच्या स्वतःच्या अंगातून एक शिरशिरी गेली. ‘माई, जरा कमी करा हो.’ माईंनी फिरवलेलं ते बटण. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. आपण दिवाणावर पडून पांघरूण ओढून घेत होतो, ते कशाच्या थंडीनं?

“चोरी झालीये,” शेठ म्हणाले. “माई, कोण आलं होतं घरात? कोणी दुरुस्तीवाला? सांग. अगं, मी गेल्या महिन्यात त्या हॉटेलवाल्यांना इथे बसवलं! म्हणाले, काय गार आहे! तीनशे यंत्रांची मागणी दिली त्यांनी!”

“चोरी नाही झाली,” माई म्हणाल्या.

“मग?”

“तुझ्या वडिलांनी काढलं.”

स्टूल करकरलं. शेठ खाली उतरले आणि उभेच राहिले. वन्संच्या हातातला पेचकस तसाच राहिला. त्यांची भाची, शेठ-वहिनींची मुलगी चिमणी, इतका वेळ दाराशी फोन बघत बसली होती. तिनं फोन खाली ठेवला.

“आप्पांनी?” शेठ म्हणाले. “कधी?”

“गेले त्याच्या आधी तीन-चार उन्हाळे. मागच्या गल्लीत नळ गळत होता, तो बघायला गेले भर दुपारी. तुला आठवतं का, मागे एक बाई राहायची, पुस्तकांची बांधणी करायची?”

“तिचं काय?”

“तिची खिडकी आपल्या यंत्राच्या बरोबर समोर. आपलं यंत्र बाहेर गरम हवा टाकायचं ना, ती थेट तिच्या खोलीत. तिनं आतून पुठ्ठा ठोकला होता खिडकीला. कित्येक वर्षं. आप्पांनी विचारलं, ही खिडकी का बंद? तर म्हणाली, तुमच्याकडे गार झालं की आमच्याकडे भट्टी लागते. भांडली नाही हो. हसून म्हणाली. तिचा बाप आत खाटेवर पडलेला असायचा, त्याच्या कपाळावर ओलं फडकं.”

माईंनी लोकरीचा धागा बोटाला गुंडाळला.

“घरात आले ते गप्पच. दोन दिवस जेवले नाहीत धड. मग म्हणाले, ‘मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की मी गारवा बनवतो. गारवा बनवता येत नाही ग. इकडचं ऊन उचलून शेजाऱ्याच्या घरात टाकतो, एवढंच. आणि ते उचलायला लागणारी वीज काय जाळून येते, ते तर कोणाला दिसतच नाही.’ मग एकेक भाग काढला. दार लावून.”

“खोटं आहे,” शेठ म्हणाले. “आप्पा असं करणार नाहीत. चिमणे, हे तू माईंच्या डोक्यात भरवलंस!”

“मी?” चिमणीचे डोळे विस्फारले. “बाबा, मला आत्ता कळतंय! उलट मला वाटलं माईंचं मीटर बिघडलंय. वीज इतकी कमी जाते या घराला, की मी ऑफिसातून माणूस पाठवला होता तपासायला.”

“आला होता,” माई म्हणाल्या. “चहा पिऊन गेला. म्हणाला, मीटर ठणठणीत आहे.”

चिमणी वीज कंपनीत होती. शहराला कोणत्या तासाला किती वीज लागेल, याचा अंदाज बांधणाऱ्या खात्यात. ‘बापानं यंत्रं विकायची आणि लेकीनं लोकांना ती बंद करा म्हणून विनवायचं’ यावरून या घरात यापूर्वी पुष्कळ ताटं आदळली होती.

“बाबा, रागावू नका, पण आप्पा बरोबर होते. दुपारी शहरातली सगळी यंत्रं एकदम चालू होतात. आमच्या पडद्यावरची रेघ अशी डोंगरासारखी चढते. मग तेवढ्या तीन-चार तासांसाठी ते जुनं कोळशाचं केंद्र पेटवावं लागतं. धूर हवेत जातो, हवा आणखी तापते, लोक आणखी यंत्रं घेतात…”

“तुमच्याकडून,” डॉक्टर म्हणाले.

“तुम्ही मध्ये बोलू नका हो!” वन्सं खेकसल्या. पण त्यांचं लक्ष भलतीकडेच होतं. दुरुस्तीवाल्या माणसाला वडील गेल्याचं दुःख एका बाजूला आणि सुटे भाग कुठे गेले हे कोडं एका बाजूला. “माई, गॅस कसा काढला त्यांनी? सोडून दिला?”

“छे. बाटलीत भरून दुकानात नेला. म्हणाले, हा हवेत सोडणं म्हणजे पापच.”

“आणि नळ्यांची जाळी? ती मोठी असते. भंगारात दिली?”

माईंनी पश्चिमेच्या खिडकीकडे बघितलं. त्या भिंतीवर बाहेरून वेल चढवलेली होती, छपरापर्यंत दाट. वन्सं पेचकस टाकून बाहेर धावल्या. मागोमाग सगळे.

ऊन तापलेल्या तव्यासारखं होतं. वन्संनी दोन्ही हातांनी पानं बाजूला केली. आत पत्र्याच्या पातळ पट्ट्या, त्यांतून गेलेल्या तांब्याच्या नळ्या, काळवंडलेल्या, आणि त्यांना विळखा घालून वेल वर गेलेली. वन्संनी एका सांध्यावरून अंगठा फिरवला.

“हे आप्पांचंच जोडकाम आहे,” त्या हळू म्हणाल्या. “इथे ते नेहमी थोडं जास्त कथील लावायचे. मी हसायचे त्यांना.” मग त्या हसल्या नाहीत, रडल्या. “दर आठवड्याला मी इथून जाते रे दादा. या वेलीखालून वाकून जाते. मी. दुरुस्तीवाली.”

“आणि मी ज्याच्यावर बसून दाढी करायचो,” डॉक्टर कोपऱ्यातल्या कुंडीशेजारच्या गोल, काळ्या लोखंडी डब्याकडे बोट दाखवत म्हणाले, “तो कॉम्प्रेसर होता की काय?”

तो कॉम्प्रेसरच होता.

खोलीत परत येताना वहिनींना पहिल्यांदा कळलं की त्या उन्हातून सावलीत येतायत. इतकी वर्षं त्या ‘यंत्राच्या खोलीत’ येत होत्या. आता त्यांनी खोलीकडे बघितलं. पूर्वेची खिडकी माईंनी सकाळी उन्हाची तिरीप येताच लावली होती, आतून जाड पडदा. पश्चिमेला वेल. छपराला दर उन्हाळ्याआधी पांढरा चुना. वर पंखा, अगदी संथ. रात्री सगळी दारं-खिडक्या सताड उघड्या, सकाळी बंद. आणि माईंची खुर्ची! सकाळी पुढच्या खोलीत, दुपारी इथे, संध्याकाळी गच्चीवर. वहिनी सुनेच्या तोऱ्यात नाक मुरडत, माईंचा संसार म्हणजे सावलीमागून पळणारं मांजर. स्वयंपाकघरातली ती लाकडी पेटीही त्यांना आठवली. सकाळी भांडं एकदा उकळलं की माई ते गोधड्यांच्या पेटीत ठेवून देत, दुपारी आपोआप शिजलेलं निघे. ती पेटी आप्पांनीच केली होती. तिला आतून लावलेला थर्मोकोल कुठला, हे आता विचारायची गरज नव्हती.

म्हणजे त्या दोघांनी यंत्र नुसतं काढलं नव्हतं. यंत्र करायचं ते काम ती दोघं रोज हातांनी करत होती. आप्पा गेल्यावर माई एकट्या करत होत्या.

“पण मग हा दिवा कशाला?” वन्संनी डोळे पुसत विचारलं. “काढलं तर काढलं. आम्हाला फसवायचं कशाला?”

“तुला आठवतं, आप्पा दुकानात नव्या पोरांना काय शिकवायचे?” माई म्हणाल्या.

“गिऱ्हाईक आधी दिवा बघतं, मग त्याला गार वाटतं.”

“तेच. म्हणाले, पोरांना दिवा दिसला की पुरे. एवढ्यात सांगायला नको. तेव्हा तुझा दादा नव्या कारखान्याचे नकाशे घेऊन रोज यायचा. तोंड असं उजळलेलं असायचं त्याचं. आप्पा म्हणायचे, उद्या सांगू. दर वेळी उद्या.” माई शेठकडे वळल्या. “बाळा, तुझा बाप शूर नव्हता रे. चांगला होता. शूर नव्हता.”

“आणि तू?” शेठचा आवाज चिरका झाला. “ते गेल्यावरही? माझ्या गिऱ्हाइकांसमोर उठून कळ ओढायचीस तू! मी सगळ्या गावाला सांगत सुटलो, आमचं पहिलं यंत्र अजून चालतं! मला तोंडघशी पाडलंस!”

“मला वाटायचं, तुझ्या लक्षात येईल. धंदा तुझा. गारवा कुठून येतो हे तुला कळेल. मी वाट बघायचे. तू यायचास, दिव्याकडे बघायचास, आणि फोनवर बोलत निघून जायचास.”

ते शेठना लागलं. वहिनींनाही लागलं, कारण त्या तर रोज इथे झोपत होत्या.

शेठ खाली बसले. लोकरीचा लाल गुंडा त्यांनी उचलला, पण काय करावं ते न सुचून हातातच धरून ठेवला.

“सगळ्यांनी असं राहायचं ठरवलं,” ते म्हणाले, “तर आपण खायचं काय? कारखान्यातल्या माणसांनी खायचं काय? याचं उत्तर दिलंय का आप्पांनी?”

“नाही,” माई म्हणाल्या. “तेच सापडत नव्हतं त्यांना. म्हणून तर दिवा.”

“सगळ्यांनी नाही दादा, आणि एका दिवसात नाही,” वन्सं म्हणाल्या. सकाळी भावाच्या बाजूनं पेचकस घेऊन आलेल्या त्या आता माईंच्या खुर्चीच्या हातावर टेकल्या होत्या. “दवाखाने आहेत, म्हातारी आजारी माणसं आहेत, त्यांना लागणारच. पण ज्या घरात एक पुरेल तिथे आपण चार बसवतो. मीच सांगते ना गिऱ्हाइकाला, खिडक्या पक्क्या बंद करून घ्या म्हणून! सावली कशी करायची, हवा कशी खेळवायची, हे सांगायला माझी पोरं काय वाईट आहेत? शिकतील.”

“सावली विकणार तू?”

“चुना तरी विकते की नाही बघ.”

“वा! सकाळी माझ्या बाजूनं, आता माईच्या.”

“सकाळी मला त्या खोक्यात लोकर आहे हे माहीत नव्हतं.”

बाहेर टेम्पोचा भोंगा वाजला. चार वाजले होते. शेठ उठले. भोंगा ऐकून त्यांना जणू पुन्हा जमीन सापडली.

“हे सगळं नंतर. यंत्र असो नसो, माई इथे एकटी राहणार नाही. यापुढे तर मुळीच नाही. ऐंशी वर्षांची बाई एकटी खिडक्या उघडतेय, लावतेय, गच्चीवर चुना लावतेय! रात्री पडली तर? ते काही चालणार नाही. माई, ऊठ. टेम्पो आलाय.”

वन्संचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, चिमणीची नोकरी पाळ्यांची. चिमणीनं खाली बघितलं. माईंनी सुया लोकरीत खोचल्या, आणि दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले. उठायच्या बेतानं. इतका वेळ ताठ बसलेली ती बाई एकदम लहान दिसायला लागली.

वहिनी उठल्या आणि बाहेर गेल्या.

फाटकाशी टेम्पोवाला दोर सोडत होता. “काय काय न्यायचंय, वहिनी? खाट आधी घेऊ का?”

“इथून काही न्यायचं नाही भाऊ,” वहिनी म्हणाल्या. आपला आवाज आपल्याच कानांना परका वाटला. “इथून रिकामाच जा. आमच्या त्या काचेच्या इमारतीत जा, वरच्या मजल्यावर. तिथून माझी खाट आणायची आहे. आणि कपड्यांचं कपाट, लहान.”

“इकडे आणायची?”

“इकडे.”

मागे दारात शेठ येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वहिनींनी त्यांच्या चेहऱ्यावर हा भाव कधी पाहिला नव्हता. खोक्यात डोकं घातलं तेव्हाही नाही.

“अगं, तू काय बोलतेस काय!”

“अहो, मला तिथे झोप येत नाही.” एकदा तोंड उघडलं तसं ते धडधड बाहेर आलं. “सहा महिने झाले. घसा सुकतो, डोकं दुखतं. रोज दुपारी इथे येऊन झोपते मी. तुम्हाला सांगितलं नाही. मला वाटायचं, आप्पांचं यंत्र चांगलं, म्हणून झोप येते.” त्यांना हसू आलं आणि डोळेही भरून आले. “माई एकटी राहणार नाही म्हणालात ना? नाही राहणार. मी राहीन. खिडक्या मी लावेन, चुना मी लावेन. मला शिकवतील त्या. तुमच्या गोदामाला दुसरी जागा बघा.”

“आणि मी?”

वहिनी काही बोलायच्या आत घरातून माईंचा आवाज आला, अगदी रोजचा.

“सूनबाई, पश्चिमेचं ऊन आलं. खिडकी लाव आधी.”

वहिनी शेठना ओलांडून आत गेल्या. खिडकीची झडप ओढली, कडी लावली, पडदा सारला. टेम्पो वळून निघून गेल्याचा आवाज आला. वन्सं जमिनीवर बसून लोकर गोळा करत होत्या, डॉक्टर न सांगता त्यांना गुंडाळायला मदत करत होते, चिमणी माईंच्या पायाशी येऊन बसली होती.

शेठ सगळ्यांत शेवटी आत आले. भिंतीतल्या उघड्या पेटीत हिरवा दिवा अजून जळत होता. ते त्याच्यासमोर उभे राहिले. मग त्यांनी कळ वर केली. टक्क. दिवा विझला.

आणि या खोलीत वाढलेला तो माणूस, शहराला गारवा विकणारा, खोली गरम व्हायची वाट बघत तिथेच उभा राहिला. बराच वेळ.